गैरहजर मुलीचा पेपर

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये "मॅडम, तुम्ही शिकलेल्या असून असलं मानता?" असं कोणी विचारायला नको. नाही मानत. आमच्या घरात देवच नाही, तर भूत कुठून येणार! वडील पक्के बौद्ध, बाबासाहेबांच्या फोटोला फूल आणि बाकी सगळं पुस्तकात. त्यात मी गणिताची शिक्षिका, एकोणीस वर्षं झाली. गणित सुटलं नाही की मला झोप लागत नाही... आणि हे एक गणित दोन वर्षं सुटत नाहीये. घाबरून नाही, वैतागून लिहितेय.

शाळेचं नाव लिहिणार नाही. जुळे सोलापूरच्याही पुढे, सिस्टर लोकांची मराठी माध्यमाची शाळा. पाचवी ते दहावी. मी स्वतः तिथलीच विद्यार्थिनी. आमच्या वेळी पत्र्याच्या मोजक्या खोल्या आणि भोवती ज्वारीची रानं होती, आता चारी बाजूंनी अपार्टमेंट. वर्गात गिरणी कामगारांची, रेल्वेवाल्यांची, घरी तेलुगू बोलणाऱ्या यंत्रमागवाल्यांची पोरं. ख्रिश्चन म्हणाल तर दोन, फार तर तीन. तरी परीक्षेला जाताना मदर मेरीच्या मूर्तीपुढे चप्पल काढून सगळेच उभे राहायचे, शेख पण आणि कांबळे पण.

आणि एक खास पद्धत होती. आमच्या जुन्या मुख्याध्यापिका सिस्टर प्रत्येक कोऱ्या पानाच्या डोक्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहायला लावायच्या – जे. एम. जे. म्हणजे जीझस, मेरी, जोसेफ. नाही लिहिलं की एक मार्क कट! माझे वडील वही बघून भडकले होते, "हे काय लावलंय?" मी म्हटलं, "अण्णा, एक मार्क जातो." मग वही माझ्याकडे सरकवली. त्या सिस्टर निवृत्त होऊन केरळला गेल्या आणि पद्धत बंद पडली. आताच्या पोरांना ती अक्षरं दाखवली तर कुठल्या तरी गाडीचं मॉडेल वाटेल.

तर – दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, दहावीची पूर्वपरीक्षा, बीजगणिताचा पेपर. चाळीस मार्कांचा. ब्लॉक नंबर तीनवर मी सुपरवायझर. तीस मुलं, त्यातला सतरावा नंबर रिकामा. ती प्रतीक्षा. वळसंगची पोरगी, रोज एसटीनं यायची. फार हुशार नव्हती, पण चिवट. एक उदाहरण अडलं तर मधली सुट्टी सोडून माझ्या मागं मागं फिरायची. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, त्यासाठी गणिताचा एकेक मार्क हवा होता. आणि आमच्या शाळेचा नियम असा, की पूर्वपरीक्षेचा पेपर बुडवला तर त्या विषयाचे इंटरनलचे, म्हणजे बोर्डाच्या निकालात धरले जाणारे शाळेचे मार्क शून्य. फेरपरीक्षा नाही.

मी हजेरीपत्रकावर सतरा नंबरपुढे लाल पेनानं 'गैरहजर' लिहिलं. पेपर गोळा केले, दोनदा मोजले. एकोणतीस. दोरा बांधून कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये तपासायला बसले. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर. तपासत गेले आणि मार्क भरायला घेतले, तर सतरा नंबरपुढे 'गैरहजर'... आणि सतरा नंबरचा पेपर माझ्या हातात. मीच तपासलेला, घाईत, नुसती उत्तरं बघत! चाळीसपैकी तेहतीस.

परत मोजले. तीस.

अक्षर प्रतीक्षाचं. तिचा तो वाकडा सात मी झोपेतसुद्धा ओळखीन. कोपऱ्यात शाळेचा शिक्का, आणि सुपरवायझरच्या चौकटीत माझी सही. माझ्याच शाईत, शेवटी मी ओढते तशी शेपटी ओढलेली. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर – जे. एम. जे.

आमच्या यल्लप्पामामांना, म्हणजे शिपायांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. "ही तुमचीच सही हाय की ओ मॅडम."

"ते मलाही दिसतंय, मामा! पण मी केली नाही."

"मग कुनी केली?" घ्या! मी त्यांना विचारायला बोलावलं होतं.

प्रतीक्षा त्या दिवशी भूमितीच्या पेपरला आली होती. व्हरांड्यात गाठलं. विचारायच्या आधीच रडायला लागली. "मॅडम, ताईचं बाळंतपन झालं ओ. अक्कलकोटला, सरकारी दवाखान्यात. आईला शेतातनं येता येईना, मीच बसले हुते तिच्यापाशी. काल मी आल्तेच न्हाय."

मी पेपर पुढं धरला. ती बघतच राहिली. "अक्षर माजंच वाटतंय... पन मी न्हाय लिहिलं." मग त्या तीन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये काय हाय?"

आता एखाद्या शहाण्या बाईनं पेपर गुपचूप फाडला असता, नाहीतर गुपचूप मार्क भरले असते. मी कुठली शहाणी! मी पेपर आणि हजेरीपत्रक घेऊन सरळ सिस्टरांच्या ऑफिसात. म्हणजे आताच्या मुख्याध्यापिका. बाई वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "टीचर, ॲबसेंट तुम्ही लिहिलं. पेपरवर सही पण तुमची. दोन्ही खरं कसं होणार?"

"तेच मला कळत नाहीये, सिस्टर."

"एक तर तुम्ही मुलीला ॲबसेंट लिहिण्यात चूक केली. नाहीतर पेपर नंतर आत घातला."

सतरा वर्षांची नोकरी तेव्हा! स्वतःच्या पुतणीला एका मार्कासाठी नापास केलेली बाई मी, आणि मला हे ऐकावं लागलं. डोकं सणकलं माझं. म्हटलं, मुलीच्या ताईचं बाळंतपण होतं, फेरपरीक्षा घ्या, विषय संपवा. तर म्हणे एकीला दिली की सगळे मागतील. शेवटी त्यांनी ठरवलं – जेवणाच्या सुट्टीनंतर मुलीला बोलावू. मी आले होते म्हणाली, तर हजेरी दुरुस्त करू आणि पेपर धरू. नाही म्हणाली, तर मार्क शून्य आणि तुमची चौकशी.

इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी प्रतीक्षाला गाठलं. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "आत विचारलं तर हो म्हण. आले होते, एवढंच. तुझे मार्क वाचतील आणि माझी अब्रू."

ती बाटली भरायची थांबली. "पन मॅडम, मी न्हवते."

"मला माहितेय गं! तरी म्हण."

ऑफिसात ती टेबलासमोर उभी राहिली. वेणीचं टोक हातात धरून. सिस्टरांनी पेपर दाखवला, विचारलं. प्रतीक्षा म्हणाली, "मी आले नव्हते, सिस्टर. हा पेपर माझा नाही." शाळेतली शुद्ध भाषा, एकेक शब्द वेगळा.

सिस्टरांनी पेपर मिटला आणि विचारलं, "टीचरनी तुला काही शिकवून पाठवलं होतं? काय बोलायचं ते?"

प्रतीक्षानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "नाही सिस्टर. मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत."

तिचे मार्क गेले. माझी चौकशी मात्र तिथंच संपली, कारण पेपर मीच आत घातला असता तर मी मुलीला पढवलं असतंच ना, असं सिस्टरच म्हणाल्या. पेपर त्यांनी पाकिटात घालून सील केला. तो अजून त्यांच्या कपाटात आहे.

आता लोकांची उत्तरं ऐका. नवरा म्हणतो स्ट्रेस. नणंद म्हणते जुन्या सिस्टरांचा आशीर्वाद. म्हटलं, असला कसला आशीर्वाद, जो पोरीला वर्षभर रडवतो? स्टाफरूममधल्या एका सरांचं मत, मीच झोपेत लिहिला असेन. कुलूपबंद कपाटात, वाकड्या सातासकट! कोणाला खरंच काही सुचत असेल तर लिहा, पण कृपा करून स्ट्रेस म्हणू नका. मी प्रत्येक बाजूनं मांडून बघितलंय. तिसाव्या पेपरचं उत्तर माझ्याकडं नाही.

प्रतीक्षाचा पॉलिटेक्निकला नंबर लागला नाही. परवा एसटी स्टँडवर दिसली, कॉलेजची बॅग खांद्यावर. स्वतःहून जवळ आली, वाकून नमस्कार केला, "बऱ्या हायसा का मॅडम?" म्हणाली. मला तिची माफी मागायची होती. वळसंगची गाडी लागली, आणि मी तिला फक्त "अभ्यास कर" म्हणाले.