हाकेच्या अंतरावरील इसम

मयत : दत्ताराम, भातगिरणीवाला, राहणार हातखंब्याच्या अलीकडची आमची वाडी. मृत्यूची वेळ : गवतकापणीच्या दिवसांतला बुधवार, दुपारी चहाच्या सुमारास. स्थळ : प्रभाकर यांच्या अंगणाकडे चढणारी पाखाडी, वरून सातवी पायरी. साक्षीदार : पार्वतीकाकू, ज्या त्या वेळी समोरच्या सड्यावर, म्हणजे कातळमाळावर, गवत कापीत होत्या. तक्रार कोणाविरुद्ध : सदर प्रभाकर, वाडीच्या मंडळाचे सेक्रेटरी व वाडीच्या मोबाइलवरील ग्रुपचे ॲडमिन. तक्रारदार : मी, कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा, मयताचा लहानपणापासूनचा मित्र.

दत्तारामला जाऊन दीड महिना झाला. बाराव्याच्या दिवशी प्रभाकर यांनी ग्रुपवर पुढील मजकूर टाकला : "दत्तारामभाऊंची हाक ऐकताच मी धावलो. पण त्यांनी फोन सोडण्याचा हट्ट केला नसता तर आज ते आपल्यात असते." वाडीने त्याला पसंतीचे अंगठे दिले. म्हणजे माणूस स्वतःच्या हट्टाने मेला, असा निकाल लागला. तो निकाल मला मान्य नाही. इतर वाचकांनी हा स्मृतिलेख म्हणून वाचावा. प्रभाकर यांनी नोटीस म्हणून वाचावा.

दत्ताराम गिरणीत उभा असला की कोंड्याने भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा असे, आणि आयुष्य त्या धडधडाटात गेल्यामुळे त्याला हळू बोलणे ठाऊकच नव्हते. देवळात सुद्धा तो देवाला ओरडून सांगत असे. पूर्वी भात कांडायला आलेली माणसे पोत्यांवर बसत, सोयरिकी जुळवत, भांडत, आणि दत्ताराम गिरणीच्या पट्ट्यावर आवाज चढवून त्या प्रत्येकाला उत्तर देत असे. मग हळूहळू पोत्यांवरची माणसे खाली बघू लागली. "वकील," तो मला म्हणे (मी सातवीपर्यंत शिकलेला, पण तो मला कायम वकीलच म्हणत आला), "गिरण तेवढीच वाजते रे, पण हल्ली मला ती जास्त ऐकू येते..." त्याच्या स्वतःच्या खिशातही फोन होताच. तोही बघत असे. या बाबतीत मी त्याला संत ठरवू इच्छित नाही.

शिमग्यानंतर काही दिवसांनी आमच्या वाडीचाच, पण मुंबईत राहणारा दुसरा एक दत्ताराम वारला. प्रभाकर यांनी कोणालाही न विचारता "आपल्या वाडीचे दत्ताराम यांचे दुःखद निधन" असे ग्रुपवर टाकले आणि खाली फोटो जोडला तो गिरणीवाल्याचा, कोणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. दत्ताराम त्या वेळी पाटावर बसून जेवत होता. सुलोचनावहिनी चुलीजवळून फोन हातात घेऊन आल्या.

"अहो, तुम्ही मेलात."

"कधी?"

"आत्ताच. प्रभाकरभावोजींनी टाकलंय."

"मग भात वाढ गो आणखी. आता उद्याचं काय खरं नाय."

हा विनोद त्याने पुढे सगळ्यांना सांगितला. जे सांगितले नाही ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत पडवीत बसून राहिला. ग्रुपवर एकामागून एक जोडलेले हात येत होते, शेजारच्या घरातूनही आले, आणि अंगणाच्या बेड्याची आगळ काढून आत मात्र एकही माणूस आला नाही... वहिनी विधवा झाल्या असतील तर त्यांच्यापाशी जाऊन बसावे, असे कोणाला वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीबाहेर माझ्या टेबलापाशी आला. "वकील, कोरा कागद घे. ज्यांनी ज्यांनी हात जोडले त्यांची यादी लिही. तुझं अक्षर चांगलं." तो फोनवरून नावे वाचत होता आणि मी क्रमांक घालून उतरवीत होतो. एकोणिसावे नाव त्याने वाचले आणि माझे पेन थांबले. ते माझे होते. कोणाच्या तरी वारसाचा अर्ज लिहिता लिहिता, मजकूर न वाचता, मी बोट टेकवले होते. आमच्या धंद्यात न वाचता सही करणाऱ्याला मी मूर्ख म्हणत आलो आहे.

"लिही की मेल्या," दत्ताराम म्हणाला. "थांबलास का? बापाचं नावपण घाल."

मी पूर्ण नाव लिहिले. तक्रारदार निर्दोष नाही, हे येथे नोंदवतो.

त्या दिवसापासून त्याने फोन गिरणीतल्या पान्यांच्या पेटीत टाकला आणि रोज दुपारी यादीतल्या एका घरी जाऊ लागला. अंगणातूनच ओरडे, "आहे का कोण घरात? मी मेलेला दत्ताराम! हात जोडलेस ना? आता ते सोड आणि बस." समोरचा हसे, ओशाळे, एक डोळा फोनवर ठेवून चहा सांगे. फोन खाली ठेवला जाईपर्यंत दत्ताराम गप्प बसून राही, आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचे गप्प बसणे कोणालाही फार वेळ सोसवत नसे. मग गप्पा सुरू होत. तीन-चार वेळा मी बरोबर होतो. एका घरी दोन भाऊ बांधावरून बोलत नव्हते, ते त्याच्यासमोर निदान एकमेकांना शिव्या देऊ लागले. यादीतल्यांपैकी माझ्याकडे तो सर्वांत शेवटी आला. संपूर्ण दुपार बसला. माझी बायको म्हणाली, "तुम्ही दोघं एवढं बोलता हे मला माहीतच नव्हतं." मलाही नव्हते.

लोक त्याला खुळा म्हणाले. पण गिरणीत येणारी काही माणसे पुन्हा वर बघू लागली होती, हेही खरे.

फक्त प्रभाकर यांचे घर राहिले. पहिल्यांदा ते "मीटिंगात" होते. दुसऱ्यांदा दार आतून बंद आणि आत क्रिकेटचा आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी पडवीतल्या झोपाळ्यावरून न उठता, मान वर न करता सांगितले, "चूक झाली म्हणून ग्रुपवर टाकलंय ना? अजून काय पाहिजे?" दत्तारामने उत्तर दिले, "तुझं तोंड." आणि तो परत आला. चौथ्यांदा निघाला तो त्या बुधवारी.

मला बातमी फोनवरच आली. तोच मजकूर, तोच फेट्याचा फोटो... आणि मी हसलो. म्हटले, सेक्रेटरीसाहेबांनी जुनेच पुन्हा फिरवले. वहिनींचे भाऊ कचेरीच्या फाटकात येऊन उभे राहिले तेव्हा मला कळले. वाडीत निम्म्या लोकांची हीच समजूत झाली होती. तिरडीला खांदा बदलायला माणसे कमी पडली.

आता साक्ष. पार्वतीकाकू सांगतात : "मी समोर सड्यावर. दोनदा हाक आली, लांब. आवाज दत्तूचाच, पण शब्द नाय कळले. कोयता टाकून धावत उतरले, पऱ्ह्याचं पाणी ओलांडलं, चढून गेले तर तो पायरीवर आडवा. वर बघते तर प्रभाकर झोपाळ्यावर, कानात ते फोनचे बोळे, हातात फोन. खांदा धरून हलवला तेव्हा म्हणतो, काय झालं?"

समोरच्या सड्यावर गवत कापणाऱ्या म्हाताऱ्या बाईला जी हाक पोचली, ती सात पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला पोचली नाही. डॉक्टरांच्या मते हृदयाचा झटका मोठा होता, काही मिनिटांतच सगळे आटोपले असणार. म्हणून दत्ताराम वाचला असता, असा माझा दावा नाही. तो एकटा मेला नसता, एवढाच आहे. आणि त्याच्या खिशात फोन असता तरी तो उचलणारा सर्वांत जवळचा हात कोणाचा होता, हे वाचकांनी ठरवावे.

सुलोचनावहिनी कोणावर रागावलेल्या नाहीत. राग माझा आहे आणि तो मी सोडणार नाही. त्यांनी मला एवढेच विचारले : "एवढी वर्षं गिरणीच्या आवाजात माझ्याशी ओरडून बोलले. शेवटचं ओरडले तेवढंच मला ऐकू आलं नाही. कोणाला हाक मारली हो त्यांनी? मला, की भावोजींना?"

हे सांगू शकेल असा एकच इसम हाकेच्या अंतरावर होता. प्रभाकर यांनी "हाक ऐकताच धावलो" असे स्वतः लिहून दिलेले आहे. पार्वतीकाकूंनी त्यांना खांदा धरून हलवल्याचे सांगितले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत.

सबब, प्रभाकर यांना कळविण्यात येते की आपण वहिनींच्या पडवीत समक्ष यावे. हाक ऐकली असेल, तर दत्तारामने काय हाक मारली ते शब्द त्यांना सांगावेत. ऐकली नसेल, तर "मी ऐकली नाही" असे त्यांच्या तोंडाकडे बघून सांगावे. वहिनी चारपासून दिवेलागणीपर्यंत पडवीतच असतात. उत्तर ग्रुपवर टाकू नये, ते ग्राह्य धरले जाणार नाही. कानात काही न घालता यावे, कारण वहिनी हळू बोलतात.