दोरा, एक नग

दोरासाहेब कुठल्याही खोलीत सरळ शिरत नसत. आधी उंबऱ्याशी थांबायचे, शर्टाच्या खिशातून वीतभर पांढरा दोरा काढायचे, दोन बोटांत धरून दाराच्या फटीशी सोडायचे आणि तो कुठे झुकतो ते बघायचे. दोरा आत झुकला की 'हं' म्हणून आत जायचे. बाहेर झुकला तरी 'हं'च, पण त्याचा सूर वेगळा. हे त्यांनी फक्त अणुवीज केंद्रात केलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं, कारण ते त्यांचं कामच होतं. पण दोरासाहेब हे बँकेत करायचे, दातांच्या डॉक्टरकडे करायचे, आणि माझ्या बहिणीच्या लग्नात वधूपक्षाच्या खोलीच्या दारातसुद्धा त्यांनी ते केलं. आतल्या बायकांना वाटलं, कसला तरी विधी करायचा राहिला. माझ्या मावशीने धावत जाऊन हळदीकुंकू आणून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनीही न बोलता ते लावून घेतलं.

आमचं ऑफिस पूर्व उपनगरात. देशातल्या अणुवीज केंद्रांनी आपली सुरक्षा नीट ठेवली आहे की नाही हे तपासायचं आणि मग चालवा किंवा थांबा असं सांगायचं, हे आमचं काम. त्यातही आमचा विभाग हवा खेळवण्याच्या यंत्रणेचा आणि फिल्टरांचा. मी नोकरीला लागले तेव्हा घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत ही बातमी पसरली, आणि पुढचा आठवडाभर लोक आपल्या एसीच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे येत होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर एसीचं झाकणच काढून घेऊन आले. मी दोरासाहेबांना हे मोठ्या दुःखाने सांगितलं. ते म्हणाले, "मग? बघायचंस ना. फिल्टर तो फिल्टर."

नवीन माणसाला काम समजावून सांगायची त्यांची रीत अर्ध्या मिनिटाची होती. "हे बघ, हवेने स्वच्छ खोलीतून घाणेरड्या खोलीत जायचं, घाणेरड्या खोलीतून फिल्टरात, आणि फिल्टरातून बाहेर. उलटं कधी जायचं नाही. एवढंच आहे. बाकीची चारशे पानं आपल्या पगारासाठी."

देवनारच्या डंपिंग ग्राउंडचा वास दुपारी ऑफिसात आला की आम्ही सगळे नाकाला रुमाल लावायचो. दोरासाहेब खूश व्हायचे. उठायचे, दोरा घेऊन एकेक खिडकी हुंगत फिरायचे आणि वास नेमका कुठून शिरला ते शोधून तिथे कागदाची घडी कोंबायचे. "फुकटात टेस्ट होते रे," असं म्हणायचे. आमच्या ऑफिसच्या खिडक्यांत अजूनही जुन्या मसुद्यांच्या इतक्या घड्या आहेत की त्या काढल्या तर खात्याचा इतिहास लिहिता येईल.

त्यांच्या प्रामाणिकपणाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या बायकोला झाला. मुलुंडला त्यांचं दुसऱ्या मजल्यावर घर. काकू मालवणच्या, त्यामुळे बुधवार, शुक्रवार आणि रविवार घरात मासे. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केली की बांगडे तळल्याचा वास आमच्या देवघरात येतो. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वास आमचा नव्हेच, मागच्या गल्लीतल्या हॉटेलचा आहे. आता साहजिकच नवऱ्याने बायकोच्या बाजूने बोलायचं. दोरासाहेब म्हणाले, "तपासून सांगतो."

त्यांनी तीन दिवस तपासलं. जिन्यात, डक्टमध्ये, भाभींच्या देवघरात, सगळीकडे दोरा धरला. काकूंना मुद्दाम गुरुवारी बांगडे तळायला लावले. आणि पुढच्या मीटिंगमध्ये दोन पानी रिपोर्ट वाचून दाखवला, त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं: 'सदर वास आमच्याच घरातून येतो.' दुसऱ्या पानावर उपाय होता. तळताना जिन्याकडचं दार बंद ठेवायचं आणि पंखा रस्त्याच्या बाजूला बसवायचा. पंखा बसला, वास थांबला, भाभींनी ढोकळा पाठवला. काकू मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ह्येंका सांग, आता बांगडे तो दोरोच तळतलो."

अणुवीज केंद्रातल्या काही फिल्टरांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरलेला असतो. तो किरणोत्सारी वायू धरून ठेवतो. ही गोष्ट दोरासाहेबांना आपल्या घराण्याचा मान वाटायची. परदेशी पाहुणे आले की ते हमखास हा विषय काढायचे. "एवढी मोठी भट्टी, एवढं काँक्रीट, आणि शेवटी राखण कोण करतं? आमची करवंटी." सध्या ते निवृत्त होऊन कोकणात गावी असतात. मी फोन केला की कुरकुरतात. "इथे काय करू गो? दोरा कुठेही धरला तरी चारी बाजूंनी वारा. तपासण्यासारखं घरच नाही हे."

केंद्रात आत जाताना प्रत्येक वस्तूची गेटवर नोंद होते, आणि बाहेर येताना तिला काही चिकटलेलं नाही ना ते यंत्रावर तपासलं जातं. एका केंद्रावरचा गार्ड फार शिस्तीचा होता. त्याने दोरासाहेबांना विचारलं, "खिशात काय?" यांनी दोरा दाखवला. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. गार्डने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दोरा, एक नग.' बाहेर येताना तो दोरा यंत्रावर ठेवला, वाट बघितली आणि परत दिला. दोरासाहेब गाडीत बसल्यावर म्हणाले, "हा माणूस बघ. हा खरा आपल्यातला."

ह्या माणसाने माझ्या पहिल्या सहीचं जे केलं, त्याचा मला अनेक दिवस राग होता. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. समुद्राकाठच्या एका केंद्राने भट्टी बंद ठेवून सगळे फिल्टर बदलले होते आणि त्यांच्या चाचणीचा रिपोर्ट आमच्याकडे आला होता. चाचणी सोपी असते. फिल्टरच्या अलीकडे बारीक धूर सोडायचा आणि पलीकडे किती आला ते मोजायचं. आम्ही ठीक म्हटल्याशिवाय भट्टी सुरू होणार नव्हती. तिथले इंजिनिअर दिवसातून तीनदा फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करत होते. रिपोर्ट देखणा होता. रंगीत आलेख, फोटो, सगळे आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली. पहिली सही पहिल्यांदाच माझी असणार होती. मी शिफारशीची नोट लिहिली, नवीन पेनने झोकात सही केली आणि दोरासाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"हो सर. दोनदा वाचला रिपोर्ट."

त्यांनी चष्मा काढला. ते मालवणीत शिरले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. "वाचलंस ता कळला. बघलंस काय गो?"

"सर, फोटो आहेत ना."

"फोटोत फिल्टरचं मधलं दिसतं. मधे सगळ्यांचेच फिल्टर चांगले असतात. कडा दिसतात?"

मला राग आला. "सर, असं म्हणत बसलो तर एकही फाइल पुढे जाणार नाही."

"नाही तर नाही. फाइलला कुठे घाई आहे? घाई माणसांना आहे." असं म्हणून त्यांनी माझी नोट कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या मते नंतर त्यांनी ती फाडून टाकली असणार होती.

तिसऱ्या दिवशी बड्या साहेबांनी मीटिंग बोलावली. "दोरासाहेब, जाता जाता कशाला खुसपट काढता? रिपोर्टात काही चूक आहे का?"

"माझं काहीच म्हणणं नाही," दोरासाहेब शांतपणे म्हणाले. "पहिली सही तिची. तिला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ठीक आहे म्हटलं असतं तर त्याच दिवशी भट्टी सुरू झाली असती आणि माझं नाव झालं असतं. थांबा म्हटलं आणि तिथे काहीच निघालं नाही, तर पहिल्याच फाइलीत माझं हसं झालं असतं. माझ्या तोंडून निघालं, "एकदा बघून येते." खरं सांगते, मला शंका वगैरे काही नव्हती. बघून यायचं आणि सगळं ठीक आहे हे दोरासाहेबांच्या तोंडावर सांगायचं, एवढाच हेतू होता.

तेही माझ्याबरोबर आले. आत जाताना घालायचा पांढरा झगा त्यांना इतका मोठा झाला होता की बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या आणि दोरा नेमका कुठल्या बाहीत आहे ते त्यांनाच सापडत नव्हतं. त्याआधी गेटवर मी सवयीने सांगून टाकलं होतं, "दोरा, एक नग." इथला गार्ड हसला होता. फिल्टरच्या खोलीच्या दारात दोरासाहेबांनी दोरा सोडला. तो आत झुकला. "हं," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पुढचं सगळं माझ्यावर.

मी तिथल्या टेक्निशियनला विचारलं, "धूर मोजायची नळी कुठे लावली होती?"

त्याने दाखवलं. बरोबर फिल्टरांच्या मधोमध. "तिथेच भोक आहे मॅडम, पहिल्यापासून."

मी दोरासाहेबांकडे बघितलं. ते देवळात आल्यासारखे छताकडे बघत होते. "कडेकडेने फिरवून बघू या का?" मी म्हटलं. इंजिनिअरने घड्याळ बघितलं, सुस्कारा सोडला आणि मान डोलावली.

धूर सोडला. वरच्या रांगेच्या कडा चांगल्या. मधल्या रांगेच्या चांगल्या. मला आनंद व्हायला लागला, म्हातारा आज हरणार. सगळ्यात खालच्या रांगेत, डाव्या कोपऱ्याशी नळी गेली आणि यंत्राचा काटा टुणकन वर उडाला. नळी बाजूला घेतली, काटा खाली. पुन्हा नेली, पुन्हा वर.

पंखे थांबवून तो फिल्टर काढला. त्याच्या कडेला रबराची पट्टी असते, ती चौकटीवर घट्ट बसते. चौकटीला चिकटून राहिलेली जुनी पट्टी खरवडून काढून मग नवी लावायची. इथे जुनीवरच नवी चिकटवली होती आणि कोपऱ्यात ती दुमडली होती. नख जाईल एवढी फट. टेक्निशियनचा चेहरा उतरला. "खरवडायला अर्धा दिवस जातो साहेब, ह्या कपड्यांत जीव जातो. म्हटलं वरून लावली तर अजून घट्ट बसेल."

दोरासाहेबांनी लोंबणाऱ्या बाहीसकट त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू घट्टच करूक गेलंस, माका म्हायती आसा. पण पुढच्या येळाक खरवड." मग इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "आणि याला अर्धा दिवस जास्त द्या. हे रिपोर्टात लिहा."

त्या फटीतून कदाचित कधीच काही गेलं नसतं. पण आत नको ते घडलं असतं, तर सगळी हवा त्या फिल्टरातून जाते असं जगाला सांगणाऱ्या कागदावर माझी सही असती. बाहेर आलो तेव्हा कुंपणापलीकडे कोळणी सुकट वाळत घालत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

फिल्टर पुन्हा बसले, नळी कडेकडेने फिरली, मी उभी राहून सगळं बघितलं आणि नवी नोट लिहिली. दोरासाहेबांनी माझ्या सहीखाली सही केली आणि म्हणाले, "हं." तो पहिल्या प्रकारचा होता.

निरोप समारंभात त्यांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी नारळ कानाशी हलवून बघितला. "करवंटी जाड आहे. चांगला कोळसा होईल." भाषण करा म्हटल्यावर ते उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दार लावून घ्या, एसी चालू आहे." आणि खाली बसले.

संध्याकाळी त्यांच्या येणं-बाकी नसल्याच्या फॉर्मवर एक रकाना उरला होता, 'कपाट रिकामे केले, तपासून पाहिले.' त्यावर सहकाऱ्याची सही लागायची. मी तिथल्या तिथे टेबलावर वाकून सही केली आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"कपाट उघडून बघलंस काय गो?"

"सर, आज तरी नको ना! तुमचं कपाट आहे. तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?"

"माझ्यावर ठेव की. सही कपाटावर करतेयस."

मी तणतणत कपाट उघडलं. तीन फळ्या रिकाम्या. सगळ्यात खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात एक कागद होता. माझी ती पहिली नोट. निळ्या शाईतली माझी झोकदार सही, आणि तिच्या खाली कोरी जागा.

"सर, तुम्ही ही फाडली नाहीत?"

"माझी असती तर फाडली असती. तुझी आहे. घेऊन जा."

मला रडू आलं. दोरासाहेब गडबडले. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांच्या चारशे पानांत नव्हतं. त्यांनी खिशातून दोरा काढला आणि माझ्याकडे पाठ करून, सकाळपासून बंद असलेली खिडकी तपासायला लागले. बराच वेळ तपासत होते.

मग मी तो फॉर्म फाडला आणि दुसरा आणला. कपाटाच्या एकेका फळीवरून, चारी कोपऱ्यांतून हात फिरवला. बोटांना फक्त धूळ लागली. मग सही केली.