परकर वाकलेले छर्रे

छर्रा झोळीच्या कापडात रुतला व्हता, माह्या लेकीच्या डोक्यापासून चार बोटं वर, आन् ती आत झोपलेली, तिला पत्ताच न्हाई. भाऊजींनी, म्हंजे माह्या धाकट्या दिरानं, ओसरीतनं घुशीवर बंदूक मारल्ती. हवेची बंदूक हाये ती, नळी मोडून दाबायची आन् शिशाचा बारका छर्रा घालायचा. घूस बसली व्हती न्हानीपशी. तिला लागलाच न्हाई, वीतभर बाजूनं गेला, लोखंडी टाकीवर आदळला आन् उलटा फिरून झोळीत आला. मी चुलीपशी व्हते. टन्न आवाज ऐकला, मंग झोळीचं कापड हललं ते पाह्यलं, मंग मी कशी पळाले ते मला आठवत न्हाई.

लेक बराबर व्हती. मी तिला उचललं, डोकं चाचपलं, कान चाचपले, आन् एका हातानं भाऊजींच्या हातातली बंदूक ओढून घेतली. दिराशी तोवर मी मान वर करून बोलल्ते न्हाई.

"आता हिला हात लावू नका," म्हनले.

"वयनी, घूस हलली, माह्यी काय चूक?"

"हलली न्हाई. मी पाह्यलं. बसूनच व्हती ती, मिशा हलवीत."

"तुम्हाला चुलीपसून मिशा दिसल्या का?"

आत्याबाई, माह्या सासू, आतून आल्या. "बाईच्या जातीनं बंदूक धरती का? ठेव खाली."

न्हाई ठेवली. बगलेत तशीच धरली. तिथून हे सुरू झालं, आन् लोकं आजून मला त्याच्यावरनं बोलतेत, बोलू द्या.

घुशीचं आधी सांगते. आमचं घर अंकुशनगरजवळ, चारी बाजूनं ऊस. मालक, म्हंजे लेकीचे बाप, साखर कारखान्यात ड्यूटीला, कधी सकाळची, कधी दुपारची. आमच्या मागचा फड तुटला की तिथल्या घुशी जातील कुठं, घरात येतेत. न्हानीच्या मोरीखालून त्यांनी भोक पाडलं, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढं. एक दिवस सकाळी मी पानी भरायला गेल्ते, लेक खाली गोधडीवर. तिचं रडनं ऐकून आले तं पायाच्या अंगठ्याला रक्त. आठ महिन्याची लेक. घूस भिताडाकडं चालत गेली, पळत बी न्हाई, चालत.

अंबडच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हनले, घुशीचा बंदोबस्त होईस्तोवर हिला खाली सोडायचं न्हाई. ती नुकतीच रांगायला लागल्ती, आन् तिला खाली सोडायचं न्हाई. मी दिवसभर तिला कमरेवर घेऊन भाकरी थापायची, भांडी घासायची, झोळीत टाकली की ती उठून बसायची आन् खाली उतरायला हात करायची. कंबर एका बाजूनं गेली माझी. आत्याबाई म्हनायच्या, "आम्ही काय लेकरं वाढवली न्हाई का, तुह्यीच सोन्याची हाये का." मी भाकर उलटायची. औषध टाकावं तं लेक सापडेल ते तोंडात घालती, मेलेली घूस कुठं पडंल सांगता येत न्हाई. पिंजरा लावल्ता, ती मोठी घूस पिंजराच फरफटत घेऊन गेली. मंग भाऊजींनी बंदूक काढली, आन् झोळीत छर्रा आला.

त्या दिवशी दुपारी मी बंदूक माळवदाच्या खुंटीला उंच टांगली आन् छर्ऱ्याची डबी घेऊन बसले. पितळेच्या ताटात सगळे ओतले. मला वाटलं म्हून ओतले, कोनी सांगितलं न्हाई. लग्नाच्या आधी मी जालन्याला बियान्याच्या कंपनीत कामाला जायची, सातवीनंतर शाळा सुटली, मंग चार हंगाम तिथंच. समोर ताट, ताटात कपाशीचं बी, फुटकं, पोचट, डागी बाजूला काढायचं. तिथली मुकादम बाई सांगायची, एक पोचट बी पाकिटात गेलं तं शेतात तेवढी जागा रिकामी राहती. माझे डोळे तिथं घडले. कागद वाचायला मला वेळ लागतो पन दाना मला सांगावा लागत न्हाई.

छर्रे टोकदार व्हते. छर्ऱ्याला कंबर असती, वर डोकं आन् खाली परकरासारखा पोकळ घेर. मी ताट थोडं तिरपं केलं, छर्रे गडगडत खाली आले. चांगला छर्रा सरळ येतो. ज्याचा परकर वाकलेला तो गोल फिरून कडेला जातो. चाळीसातले चौदा कडेला गेले! मी एकेक उचलून पाह्यला, कोनाचा घेर दबलेला, कोनाच्या टोकाला शिशाची पापडी, दोघं-तिघं तं अंड्यासारखे लांबुळके. डबी भाऊजींच्या मोटारसायकलच्या डिकीत वर्षभर खळखळत व्हती, दुसरं काय व्हनार. मागून हवा ढकलती, घेर एका बाजूनं वाकला तं हवा तिथून सुटती, छर्रा भरकटतो. हे काही मोठं शास्त्र न्हाई. फाटका परकर वाऱ्यानं कसा एका अंगाला उडतो ते बाईला ठावं असतं.

भाऊजी दारात उभे. "वयनी, ज्वारी निवडून राह्यल्या का? दळून आनू?"

"तुमचं नेम धरायचं डोकं निवडून राह्यले. सापडना."

ते हसले. मला हसू आलं न्हाई. मी साबनानं हात धुतले, दोनदा, शिसं ते, लेक माझी बोटं चोखती. ताट राखेनं घासलं आन् पुन्हा जेवायला घेतलंच न्हाई, ते छर्ऱ्याचंच करून टाकलं. आत्याबाई त्याच्यावरनं बी बोलल्या.

रात्री मालकांना सांगितलं. ते जेवून राह्यले व्हते. म्हनले, "तुला मारता येती का बंदूक?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग शिकते. भाऊजींना येती म्हनून पोरगी वाचली का?"

त्यांनी ताटातच हात धुतला. मंग म्हनले, "घरात मारायची न्हाई. झोळी बाहेर असली तं मारायची न्हाई." हो म्हनले न्हाई, पन न्हाई बी म्हनले न्हाई.

लेकीला दुसरं इंजेक्शन मी माहेरी जाऊन जालन्यात घेतलं. त्याच दिवशी तिला कडेवर घेऊन बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानात दोन गडी मानसं उभी व्हती, माझ्याकडं पाहून बाजूला सरकली, जशी काही मी रस्ता चुकले. दुकानदार म्हातारे चाचा व्हते, पांढरी दाढी, चष्मा दोरीनं बांधलेला.

"बोलो बेटी, फुगे मारायचे का, जत्रेत?"

"घूस मारायची. घरातली."

"कोन मारनार?"

"मी."

त्यांनी चष्मा वर केला. लेकीचा अंगठा पाह्यला, पट्टी व्हती. मंग मस्करी थांबली. टोकदार छर्ऱ्याची डबी मी मागं सरकवली तं म्हनले, "सब यही ले जाते. नोक है तो धसेगा, ऐसा समझते. धसेगा बराबर, पन पहले लगना तो चाहिए ना."

"मंग कोनता चांगला?"

"वो मैं नहीं बता सकता. तुझी बंदूक मी पाह्यली का? एकाच कंपनीच्या दोन बंदुका ठेव, एकीला हा मानवतो, दुसरीला तो." त्यांनी दोन डब्या काढल्या, एकीत चपट्या तोंडाचे, एकीत गोल डोक्याचे, मधल्या वजनाचे. "कागद लाव. जितक्या लांबून घूस दिसती तितक्याच लांबून मार. जास्त न्हाई, कमी न्हाई. आन् पहले तीन छर्रे गिनना मत, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागती."

उभी असलेल्यातला एक जन म्हनला, "चाचा, बाईला महागातला द्या, चुकला तं आवाज तरी चांगला करंल."

मी म्हनले, "दादा, तुमच्या घरी घूस आली तं मला बोलवा, तुम्ही पलंगावर बसून राहा." चाचा एवढे हसले की चष्मा दोरीवर लोंबला. मी बाहेर आले तं मलाच खरं वाटंना, परक्या मानसाला मी कसं बोलले, पन बोलले.

दुसऱ्या दिवशी लेकीला शेजारच्या मावशीकडं ठेवलं. ओसरीपसून मोरीपर्यंत अकरा पावलं भरली. तेवढीच अकरा पावलं घराच्या मागं मोजली, दोन पोत्यांत माती भरून रचली, त्याच्यावर जुन्या कॅलेंडरची पानं उलटी लावली, मधोमध कुंकवाचा टिळा. भाऊजींनी नळी कशी मोडायची, खांदा कसा लावायचा ते दाखवलं, तेवढं खरं सांगते, दाखवलं त्यांनी. नळी दाबता दाबता माझ्या बगलेत कळ गेली. पहिला छर्रा पोत्याला बी लागला न्हाई.

बंदूक पाट्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवली तव्हा जमाया लागलं. म्हंजे माझा हात हलला म्हनून छर्रा चुकला असं कोनी म्हनायला नको. आधी टोकदार, न निवडलेले. तीन सोडून दिले, मंग पाच मारले. तळहाताएवढी जागा, एक तं पार पानाच्या कोपऱ्यात. मंग तेच टोकदार, निवडून. जागा अर्धी झाली. भाऊजी मान हलवीत पुढं आले, भोकं बोटानं मोजली. मंग चपटे. भोकं कशी गोल, कातरीनं कापल्यावानी, पन एक खाली एक वर, माह्या बंदुकीला ते मानवले न्हाई. मंग गोल डोक्याचे, निवडलेले. तीन सोडले. पाच मारले. चार भोकं रुपयाच्या नान्याखाली झाकली आन् पाचवं त्याला चिटकून.

"असं नेहमी येत न्हाई," भाऊजी म्हनले. "बसा तुम्ही, मी मारतो."

त्यांनी मारले. त्यांचे बी नान्याएवढ्याच जागेत.

"वयनी," ते म्हनले, "म्हंजे माह्या नेमात काही खोट नव्हती."

"छर्रा न बघता झोळीसमोर बंदूक मारली ही खोट न्हाई का?"

ते उठून चाळनी घेऊन आले. मी बोलले ते मागं घेतलं न्हाई. मारलेले सगळे छर्रे आम्ही दोघांनी मातीतून चाळनीनं चाळून काढले, मोजून, एक बी राह्यला तं तो उद्या लेकीच्या तोंडात. शेवटचा एक सापडना, मी ऊन उतरेस्तोवर बसले, पोत्याच्या शिवनीत सापडला.

मंग मातीची पोती मोरीमागं नेली, टाकी सरकवली. सांजेच्या वक्ताला घुशी निघतेत, तव्हा मी ओसरीत पाट टाकून बंदूक घेऊन बसले. पहिल्या दिवशी मोठी घूस निघाली, पन पोत्यांच्या बाहेर बसली, तिच्यामागं फरशी, छर्रा उलटा फिरला असता. मी घोडा दाबला न्हाई. भाऊजी मागून "मारा, मारा" करून राह्यले, मी न्हाई मारलं. दुसऱ्या दिवशी आलीच न्हाई. शेजारच्या बाया भिताडावरनं पाहून हसायच्या. एक म्हनली, "शिकारीनबाई, आज काय भाजी?" मी पाटावरनं उठले न्हाई.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई लेकीला मांडीवर घेऊन माझ्या मागं, आतल्या खोलीच्या उंबऱ्याआड येऊन बसल्या. मी बोलावलं न्हाई, त्याच आल्या. मी गोल डोक्याचा छर्रा घेतला, परकर बोटानं फिरवून पाह्यला, घातला. घूस निघाली. अंगावर केस उभे राहतेत तिला पाहून, मांजराएवढी. भोकाच्या तोंडाशी थांबली, पोत्यांच्या बराबर समोर. माझा श्वास इतका मोठा व्हता की मला वाटलं ती ऐकंल. कानाच्या मागची जागा धरायची, म्हंजे तडफडनार न्हाई, तेवढं मला ठावं व्हतं.

"मार की," आत्याबाई हळूच म्हनल्या. "काय तिची ओटी भरायची हाये का."

मी मारली. ती तिथंच बसली, पुन्हा हलली न्हाई. मला रडू आलं, का ते विचारू नका, घुशीसाठी न्हाई. चार दिवसांनी दुसरी मारली, तिच्यापेक्षा बारकी. मालकांनी भोकात फुटक्या बाटल्यांची काच आन् सिमेंट भरलं. आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ मोरीपशी पीठ पसरून ठेवलं, त्याच्यात पाऊल उठलं न्हाई.

नवव्या दिवशी मी गोधडी बी टाकली न्हाई, लेकीला नुसत्या फरशीवर सोडलं. ती आधी बसूनच राह्यली, खाली हात लावून माझ्याकडं पाहून. तिला वाटलं असंल मी चुकून ठेवलं. आत्याबाई म्हनल्या, "उचल बाई तिला, माझ्याच जिवाला धाकधूक."

"राहू द्या," म्हनले.

"तुला भ्याव न्हाई वाटत?"

वाटत व्हतं. आजून बी वाटतं, खोटं कशाला सांगू. पन महिना झाला लेकीचे पाय जमिनीला लागले नव्हते, आन् जमीन तिची हाये, घुशीची न्हाई, मी ते घुशीला दाखवलं आन् घरातल्यांना बी. लेक पुढं झुकली, एक हात टाकला, मंग गुडघा, मंग दुसरा हात, आन् सरळ मोरीकडंच निघाली, जिथं जाऊ नये तिथंच. मी दाराला धरून उभी राह्यले. तिच्यामागं गेले न्हाई.