शनिवारची अदालत

जयपूरच्या गोपालपुरा बायपासला मंदाकिनीबाई घोरपड्यांचा आवाज ऐकला नाही असा एक चहावाला दाखवा! कोल्हापूरचा गळा तो. माईक बंद पडला तरी वर्ग बंद पडायचा नाही. जज होण्याच्या परीक्षेचे क्लास तिथं पायलीचे पन्नास, पण राज्यघटना शिकायची तर मराठीवाल्या मॅडमकडे, असं पोरं एकमेकांना सांगत. बाईंची हिंदी अशी, की हिंदीच्या मास्तरानं कपाळावर हात मारावा. पण मुद्दा एकदा सांगितला की डोक्यात फिट्ट.

कोल्हापुरात कायदा शिकून त्यांनी सनदही घेतली होती. मग लग्न झालं, आणि प्रभाकररावांची विमा कंपनीतली नोकरी फिरतीची निघाली. बदली आली की संसार ट्रकमध्ये आणि काळा कोट ट्रंकेच्या तळाशी. शेवटची बदली जयपूरची. तिथल्या मानसरोवर वस्तीत घर घेतलं, मुलगा अमेय इथल्याच शाळेत हिंदी बोलत मोठा झाला, प्रभाकरराव निवृत्त होऊन बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालू लागले. बाई मात्र एकदाही कोर्टात उभ्या राहिल्या नाहीत. हे शल्य त्यांना होतं, आणि त्या ते लपवतही नसत.

म्हणून त्यांनी वर्गातच कोर्ट भरवलं. दर शनिवारी फळ्यासमोर सहा खुर्च्या. सहा मुलं न्यायाधीश, एक अर्जदाराचा वकील, एक सरकारचा. पाच जणांनी काय वाटेल ते ठरवावं, पण सहाव्या खुर्चीवाल्यानं असहमतीच मांडायची. मनातून पटलं असलं तरी. "ज्याला एकट्यानं 'नाही' म्हणता येत नाही," बाई म्हणायच्या, "त्यानं जज होऊ नये. घरी बसून पापड लाटावेत."

या अदालतीत सगळ्यात जास्त भांडायची ती जयपूरजवळच्या चौमूंची संतोष. संतोष म्हणजे मुलगी हं! मुलींवर मुली झाल्या की राजस्थानात कंटाळलेला बाप पोरीचं नाव संतोष ठेवतो, म्हणजे देवा, आता पुरे. रोज बसनं यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि कशानंच तिचं समाधान व्हायचं नाही. बाईंचा भारी जीव तिच्यावर.

तर झालं असं. क्लासच्या दारावर एक भलंमोठं होर्डिंग लागलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगी हसतेय, खाली लिहिलंय, 'हमारी छात्रा'. संतोषनं वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, "ही ताई शेजारच्या दोन क्लासच्या बोर्डांवरही हसतेय. मग ती नक्की शिकली कुठं?" झालं! दुसऱ्या दिवशी तिच्या कार्डानं दार उघडेना. गार्ड म्हणाला, नाव काढलंय. का? तर कारण सांगायचं नाही, वरून आदेश.

बाई तडक मालकांच्या केबिनमध्ये. दिलीपजी माणूस गोड बोलणारा, तोंडात सदा वेलदोडा.

"मॅडमजी, डिसिप्लिनचा मामला आहे. वर्गात विषय काढू नका."

"तिला तरी कारण सांगितलंत का?"

"तिला कळलंय. आणि बाहेर कुठं बोललीस तर या रस्त्यावर एकही क्लास तुला घेणार नाही, हेही सांगितलंय."

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोरीचं परीक्षेचं वर्ष, घरी बाप लग्नासाठी टपून बसलेला, आणि हा बाबा वेलदोडा चघळतोय!

"बरं, शनिवारी काय घेताय?" दिलीपजींनी विचारलं. बाईंचा शनिवारचा तास चौमूंच्या शाखेतही पडद्यावर थेट दिसायचा, तेव्हा ते आधी विचारून घेत.

"एकोणीसशे पन्नास. सुप्रीम कोर्ट नवंकोरं असतानाचे निकाल."

दिलीपजींचा जीव भांड्यात पडला. "वा! जुन्या गोष्टी. खुशाल घ्या." यंदा परीक्षेत काय विचारतील, यावरच त्यांचा सगळा धंदा. इतका जुना निकाल म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी. रद्दी कुणाला चावते? इथंच गडी फसला.

घरी प्रभाकररावांना सुगावा लागलाच. "मंदा, कशाला हात दाखवून अवलक्षण? आपण इथं परके."

"अहो, अमेयला मिशा फुटल्या इथं, अजून परके? आणि परक्यानं गप्प बसायचं असा कायदा कुठल्या पुस्तकात आहे?"

"आई, मतलब तू जॉब घालवणार?" अमेयनं विचारलं.

बाईंना भीती वाटत होती, खरंच वाटत होती. तो वर्ग म्हणजे त्यांना मिळालेलं एकुलतं एक कोर्ट. ते गेलं की राहिल्या कुंड्या. पण पोरगी गेली आणि आपण तिथंच घटना शिकवत राहिलो, तर स्वतःला तोंड कसं दाखवायचं? "घालवत नाही रे," त्या म्हणाल्या. "पणाला लावते."

शनिवारी दाराशी त्यांनी आपलं कार्ड संतोषच्या हातात दिलं. "जा आत. बस पहिल्या बाकावर." ती गेली. बाईंसाठी गार्डनं मुकाट्यानं हातानं दार उघडलं. मॅडमना कोण अडवणार?

"दिल्लीत संस्थानिकांची सभा भरायची त्या दालनात," बाईंनी सुरुवात केली, "तुमचे जयपूरवाले, आमचे कोल्हापूरवाले जिथं बसायचे तिथं, आपलं सर्वोच्च न्यायालय पहिल्यांदा बसलं. राजे उठले, कायदा बसला. आणि पहिल्याच वर्षी एक माणूस तुरुंगातून विचारायला लागला, मला खटला न चालवता का डांबलंय? कायद्यात एक कलम असं होतं, की तुला जे कारण सांगितलंय ते कोर्टालासुद्धा सांगायचं नाही. सांगितलंस तर गुन्हा. बोला! तो माणूस हरला, बरं का. कायदा बराचसा टिकला. एका न्यायाधीशानं ठणकावून वेगळं मत दिलं, त्याचं म्हणणं पुढे कित्येक वर्षांनी देशाला पटलं. पण ते तोंड दाबणारं कलम मात्र सहाच्या सहा जणांनी उडवलं. कारणच लपवलंत तर न्याय कशाचा करायचा?"

मग त्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या. "आजचा अर्जदार तुरुंगात नाही. बस पकडून चौमूंहून येते. संतोष, उभी राहा."

संतोष उभी राहिली, आणि बोलायला तोंड उघडते तोच दार धाडकन उघडलं. दिलीपजी! केबिनमध्ये बसून पडद्यावर बघत होते.

"मॅडमजी, हे सिलॅबसमध्ये नाही!"

"बरं झालं आलात. दुसऱ्या बाजूचा वकील आज आलेला नाही. तुम्हीच मांडा."

"मांडायचं काय त्यात? क्लास माझा आहे. ही पोरगी आमच्या होर्डिंगला खोटं म्हणते!"

कॅमेरा चालू होता. चौमूंची शाखा बघत होती. ज्याबद्दल चकार शब्द काढू नका म्हणून त्यांनी दम भरला होता, ते त्यांनी स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगीच!

"खोटं नाही म्हटलं, सर," संतोष म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "मी विचारलं, ती शिकली कुठं. अजूनही तेच विचारतेय."

दिलीपजी उत्तर न देता सहा खुर्च्यांकडे एकेक करून बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ पोरांना कळला. पाच जण कसेबसे बोलले, सरांची संस्था आहे, काढायचा हक्क आहे. मग सहाव्या खुर्चीतली निशिगंधा उठली. ही बँकेतल्या साहेबांची लेक, मानसरोवरातलीच, कधी मान वर न करणारी. "मी असहमत आहे," ती म्हणाली. "कारण न सांगता कुणाला काढता येत नाही. आणि सर, हे मी खुर्चीचा नियम म्हणून बोलत नाहीये."

दिलीपजींनी कॅमेऱ्याची वायर उपटली.

सोमवारी, संतोषकडून परत घेतलेल्या बाईंच्या कार्डानं दार उघडलं नाही. गार्डनं मान खाली घातली. "मॅडमजी, कारण सांगायचं नाही, असा हुकूम आहे."

बाई मागे वळल्या. समोरच्या चहाच्या टपरीवर संतोष बॅग घेऊन उभी होती. घरून क्लासला म्हणून निघालेली आणि जायला जागा नसलेली. बाजूला निशिगंधा. आणि हे बघा, परवाच्या त्या पाचांतले दोघेही होते, नजर चुकवत, थंड झालेला चहा धरून.

तेवढ्यात फोन वाजला. दिलीपजी. आवाज पुन्हा वेलदोड्याचा. "मॅडमजी, गुस्सा सोडा. त्या मुलीचा विषय सोडलात तर उद्यापासून तुमचा वर्ग तुमचाच."

बाईंनी फोन कानापासून लांब धरला, म्हणजे टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल. "मला का काढलंत, ते आधी सांगा. तिला का काढलंत, ते सगळ्यांसमोर सांगा. मग बघू." आणि ठेवला.

चहावाल्याच्या बाकावर त्यांनी पर्स आपटली. पर्समधून घडी घातलेला काळा कोट बाहेर निघाला. ट्रंकेचा वास मारत होता, पण इस्त्री कडक होती. पहाटे प्रभाकररावांनी केलेली, एक शब्द न बोलता. बाईंना तो आता खांद्यात होईना. त्यांनी तो संतोषच्या अंगावर चढवला.

"बसा रे बाकावर. अदालत सुरू," त्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उठा, वकीलबाई. आज अशील मी आहे."