चवळाईवरचं तेल

जवसाचं तेल तापल्याचा वास आला की ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातलं रामाकोन्याचं आमचं अंगण आठवतं. माझी कावीळ जाऊन महिने झाले होते, तरी आत्या मला तेलाचा थेंब लागू देत नव्हती; मी चवळाईची पालेभाजी नुसती उकडून खायची आणि दिवेलागणीला दिसेनासं होऊन अंगणातल्या बादलीला अडखळायची. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आईला सांगितलं, तेलाशिवाय भाजीतलं डोळ्याचं जीवनसत्त्व अंगी लागत नाही. आईनं त्याच दिवशी पळी तापवली. "काविळीच्या पोरीले तेल देऊन राहिली काय?" आत्या ओरडली. "कावीळ गेली, आता डोळे नाही जाऊ देत मी," म्हणत आईनं भाजीवर चरचरीत तेल ओतलं, आणि मग रोजच ओतलं. पुढे एका संध्याकाळी मी बादलीला वळसा घालून आले. दुसऱ्या दिवशी पळी आत्यानंच तापवली. नातीच्या भाजीला फोडणी देताना आज मीही कोणाला विचारत नाही.