थायलंडला काहून

आमच्या घरातून कोणी विनाकारण कुठे गेलेलं मला आठवत नाही. खाप्याला आत्याकडे जायचं तर लग्न, बारसं किंवा मयत असावी लागे. बाबा एकदा खात्याच्या परीक्षेसाठी मुंबईला गेले होते. समुद्र पाहिला का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, परीक्षेचं केंद्र त्या बाजूला नव्हतं.

अशा घरात राहून मी थायलंडमध्ये पाठीवर पिशवी टाकून उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी हिंडायचं ठरवत होते. सत्तरीच्या दशकाचा शेवट असेल. ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेच मी लहान मुलींना शिकवत होते. बेतात माझी एक मैत्रीण होती, त्याच शाळेत भूगोल शिकवणारी. सगळं सुरू झालं ते नागपुरातल्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. कोणीतरी गोरा प्रवासी आपलं थायलंडचं मार्गदर्शक पुस्तक तिथे विकून पुढे गेला होता. त्याने समासांत पेन्सिलीने शेरे मारले होते: इथे ढेकूण, इथे उत्तम भात, या बाईशी वाद घालू नये. आम्ही ते पुस्तक मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कपाटाआड वाचत असू. हावड्याला रेल्वेने, तिथून विमानाने बँकॉक, मग तिसऱ्या वर्गाच्या गाडीने उत्तरेकडे, डोंगरात, आणि शेवटी मेकाँग नदीच्या काठी. तिथे काय करायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. तेच तर हवं होतं.

पाठीवरची पिशवी नागपुरात विकत मिळत नव्हती. मैत्रिणीने एनसीसीतून दोन जुने पिठ्ठू मिळवले. त्यात शब्दकोश आणि तांदूळ भरून आम्ही रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर सराव करू लागलो. पहिल्याच रविवारी ओळखीचे एक गृहस्थ भेटले. माझ्याकडे पाहत म्हणाले, "घर सोडून चालली का वं?" मी नाही म्हणाले. "मंग सामान काहून उचलून राहिली?" मी पिठ्ठूचे पट्टे आवळले. माझ्याजवळ फारशी उत्तरं नसतच. वस्तीत सगळे 'मले-तुले' बोलत आणि माझ्या तोंडी शाळेतलं 'मला-तुला'. मराठी बोलले की लोक हसत, इंग्रजी बोलले की दिपत. म्हणून मी दोन्ही भाषांत गप्प राहत असे.

पासपोर्टच्या अर्जाला बाबांनी हरकत घेतली नाही. पासपोर्टला ते पदवीच्या जातीचं काहीतरी समजत होते. "काढून ठेव," ते म्हणाले, "पडला राहील." आमच्या घरात टायपिंगच्या परीक्षेचं, हिंदीच्या परीक्षेचं आणि प्रथमोपचाराचं अशी माझी प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत पडून होती. पासपोर्ट त्यांच्या शेजारी पडेल, एवढीच त्यांची कल्पना. जायचं म्हणते आहे, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. कारण लगेच पुढचा प्रश्न येणार होता, काहून? आणि कारणाशिवाय बाबा परवानगी देणार नव्हते.

तो प्रश्न शेवटी पोलिसाने विचारला. जायच्या देशाचं नाव भरलेला माझा अर्ज घेऊन शिपाई चौकशीसाठी घरी आला, खुर्चीवर बसला, टोपी मांडीवर ठेवली. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे शेजारचे काका, रोजच्यासारखे आमचा पेपर वाचत बसले होते. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते पेपर आमच्याकडे आणि चहा आपल्या घरी, किंवा उलट, असं करत.

"थायलंडले कोण हाये तुमचं?" शिपायाने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"नोकरी?"

"नाही."

"मंग काहून चालल्या?"

बाबा माझ्याकडे पाहू लागले. 'चालल्या' हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला होता. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. तेवढ्यात काकांनी पेपर खाली घेतला.

"काहून म्हणजे? बुद्धाचा देश हाये तो. विहारासाठी मूर्ती आणाले चालली पोरगी. लिहा, धर्मकार्य."

शिपायाने लिहिलं. सरकारी माणसाने लिहून घेतल्यावर गोष्ट खरी व्हायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही. शिपाई जाईपर्यंत बाबांचा चेहरा बदलला होता. "सांगायचं नाही का," ते मला म्हणाले, पण रागाने नाही. आपली मुलगी इतकी लाजाळू की धर्मकार्यसुद्धा लपवते, असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, "जाऊ दे तिला. काम आहे."

मला परवानगी मिळाली होती. फक्त ती मूर्तीला मिळाली होती.

सुरुवातीला मूर्ती वीतभर होती. मी मनात म्हटलं, वीतभर काय, पिठ्ठूत बसेल. पुढच्या सभेत ती हातभर झाली. खजिनदारांनी दुसऱ्या वस्तीतल्या विहारात कमरेएवढी मूर्ती पाहिली होती, त्यामुळे आपली छातीएवढी हवी हे ओघानेच आलं. मग ती बसलेली असावी की उभी, यावर दोन तट पडले. बसलेल्या पक्षाचं म्हणणं, ध्यानाला शांतता असते. उभ्या पक्षाचं म्हणणं, मागच्या रांगेतल्यांना दिसत नाही. मला कोणी विचारलं नाही. ज्या बाईने ती बँकॉकपासून नागपूरपर्यंत आणायची होती, ती त्यांच्या हिशेबात बैलगाडीच्या जागी होती. राहण्याची सोयसुद्धा त्यांनी परस्पर लावून टाकली. "विहारात राहील," काका म्हणाले, "तिकडं गल्लोगल्ली विहार हाये. आपलेच लोक." भिक्खूंच्या विहारात बायकांची सोय सहसा नसते, असं आमच्या पुस्तकात होतं. त्या पानावर त्या गोऱ्याने ढेकणांचासुद्धा शेरा मारला नव्हता.

मैत्रीण हसून हसून बेजार झाली. तिच्या घरी तिने 'शिक्षकांची सहल' असं सांगितलं होतं. तिच्या आईने कुणाच्याही हाती मूर्ती सोपवली नव्हती.

मग पुस्तकात ते वाक्य दिसलं. बुद्धमूर्ती सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. ते आम्ही तीनदा वाचलं. त्या संध्याकाळी विहारासमोरून जाताना आत पाहिलं, तर मूर्तीसाठी ओटा बांधून झाला होता. सिमेंट ओलं होतं आणि वस्तीतल्या एक म्हाताऱ्या आजी लोट्याने त्यावर पाणी मारत होत्या.

"आता पाणी पाजाव लागते याले, सकाळ-संध्याकाळ," त्या म्हणाल्या. "नाही तं तडकते. काय वं, तू बसलेली आणतं का उभी?"

"अजून ठरलं नाही, आजी."

"उभी नको आणू. मह्यासारखे त्याचेही गुडघे दुखतीन."

घरी येऊन मी बाबांना बाजूला घेतलं आणि नियम सांगितला. सांगताना माझा आवाज किती लहान झाला होता, हे मलाच ऐकू आलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. खात्यात ते नियमांचे माणूस होते. त्यांच्या सहीसाठी आलेली फाइल अपुरी असेल तर साहेबाचीही परत जाई.

"कार्डं छापून आली आहेत," ते म्हणाले.

"कसली?"

"तुझ्या सत्काराची."

आमच्याकडे सत्कार काम झाल्यावर करायचा अशी सक्ती नाही. मॅट्रिकला बसणाऱ्यांचा होतो, निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचा होतो. पण न केलेल्या प्रवासाबद्दल सत्कार होणारी मी पहिलीच असेन. कार्डावर 'विदेश दौऱ्यानिमित्त' असं सोनेरी अक्षरांत होतं. "सत्कार होऊन जाऊ दे," बाबा म्हणाले, "मग पाहू." पण मग काय पाहणार, हे मला दिसत होतं. मूर्ती गेली की काम गेलं. काम गेलं की कारण गेलं. आणि गप्प बसले तर म्हाताऱ्या आजी माझ्या भरवशावर सिमेंटला पाणी पाजत राहणार.

सत्कार रविवारी सकाळी होता, ऊन चढायच्या आत. पांढरी वस्त्रं घालून अख्खी वस्ती आली. सुरुवात पंचशीलाने झाली. खोटं बोलणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी एका सुरात पालीत म्हटलं, आणि मग भाषणं सुरू झाली.

खजिनदारांनी मला थायलंडच्या राजदरबारात पोचवलं. दुसऱ्या एका वक्त्याने माझं फर्डं इंग्रजी ऐकून तिथले लोक चाट पडतील असं सांगितलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. काकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. एप्रिलमधल्या नागपुरात लोकरीची शाल अंगावर घेऊन बसणं हीच एक तपश्चर्या आहे. मग समितीतर्फे भेट आली: लोखंडी पट्ट्यांची, दोन कुलपांची, भली मोठी सुटकेस. परदेशी जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर बोचकं शोभत नाही, असं समितीच्या कानावर गेलं होतं. ती उचलायला दोघे लागले. रिकामी होती.

शेवटी काका म्हणाले, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतीन."

मी माइकसमोर उभी राहिले. समोर पहिल्या रांगेत आजी बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे बाबा. बाबांनी अगदी हळू मान हलवली. नको, असं. धन्यवाद म्हणून खाली बसायचं, हे मी घरून ठरवून आले होते. पण धन्यवादानंतर माझ्या तोंडून पुढची वाक्यं आली, शाळेच्या प्रार्थनेत सूचना वाचून दाखवतात तशी.

"तिथून मूर्ती आणता येत नाही. सरकारचा नियम आहे. मी मूर्ती आणणार नाही."

माइक थोडा वेळ शिटी वाजवत राहिला. 

"मंग ते काहून जाऊन राहिली?" खजिनदारांनी विचारलं. मला नाही. सरळ बाबांना. मुलीला प्रश्न विचारायचा तर बापाला विचारायचा, ही आमची रीत. सगळ्या माना बाबांकडे वळल्या. मी शाल खांद्यावर घट्ट धरली. आता ते म्हणणार, नाही जात, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की मी मनातल्या मनात पिठ्ठू एनसीसीला परतसुद्धा केला.

बाबा उठले. खात्यातल्या सवयीने ते घरी आणि सभेत नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी बोलले नाहीत.

"फिराले," ते म्हणाले आणि बसले.

हा शब्द आमच्या वस्तीत कामधंदा नसलेल्या पोरांसाठी राखीव होता. तो पांढऱ्या कपड्यांतल्या त्या सभेत पडला आणि कोणालाच त्याचं काय करावं कळेना. उभ्या पक्षातलं कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण फिराले जाणाऱ्या पोरीचा सत्कार केला का?"

काकांनी माइक हाती घेतला. गिरणीत त्यांनी संप चालवले होते. मोडकं सावरायची त्यांना सवय होती. "नियम हाये तं हाये," ते म्हणाले. "आपण नियमानं चालणारे लोक. मूर्ती आपण येथंच घडवू. पण पोरीच्या खांद्यावर शाल पडली. फोटो निघाला. आता ते गेली नाही तं लोक काय म्हणतीन? समितीनं खोटा सत्कार केला. तिले जाच लागते." मग माझ्याकडे वळून, जरा धमकावल्यासारखं, "जाशील ना वं?"

"जाईन," मी म्हणाले.

टाळ्या झाल्या. बसलेल्या पक्षाने जरा जोरात वाजवल्या, कारण इथे घडवायची म्हणजे कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. आजींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रागावतील. त्या शालीची लोकर बोटांत चोळून पाहत म्हणाल्या, "गरम व्हत नाही का तुले? काढ ना ते."

आई बायकांबरोबर मागे थांबली. मी आणि बाबा निघालो. सुटकेस समितीचे लोक नंतर आणून देणार होते. ऊन चांगलंच चढलं होतं आणि बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला नव्हता, जे ते कधी विसरत नसत. ते माझ्या एक पाऊल पुढे चालत होते. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलतील, आणि तेव्हा परवानगीचं पुन्हा सुरुवातीपासून निघेल.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

मी वर्षभर ते पुस्तक वाचत होते आणि मला काही आठवेना. मग तिसऱ्या वर्गाच्या गाडीचं सांगितलं, तिच्या खिडकीतून भाताची शेतं दिसतात म्हणून. नदीवरच्या बाजाराचं सांगितलं, तिथे बायका होडीतच भाजी मांडतात. डोंगरातल्या धुक्याचं सांगितलं. मेकाँगच्या काठी उभं राहिलं की पलीकडे दुसरा देश दिसतो, हे सांगितलं.

"पलीकडे जाता येतं?"

"नाही."

"मग?"

"नुसतं पाहायचं."

बाबांनी मान डोलावली. आमचं घर आलं. मी फाटकाकडे वळले, पण ते थांबले नाहीत. सरळ चालत राहिले, पुढच्या चौकाकडे, जिथे त्यांचं काही काम नव्हतं. मी त्यांना गाठलं आणि त्या गोऱ्याला कुठे कुठे ढेकूण चावले ते सांगू लागले.