खिडकीचं दार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नायगावच्या चाळीतल्या आमच्या खोलीचा फोटो. चाळ पाडणार होते. आज नव्या घरातली सरकती खिडकी उघडली आणि ते आठवलं.

मी मोबाइल धरला, तर खिडकी पांढरीफटक आणि खोली सगळी काळोखी. बायको म्हणाली, "अहो, उजेडाच्या तोंडावर काय उभे राहताय? व्हा बाजूला." मला भिंतीकडे ढकललं. खिडकीच्या समोर, आतल्या भिंतीलगतच्या दोरीवर धुतलेली पांढरी चादर पसरली, उजेड तिच्यावरून खोलीत परतावा म्हणून, आणि खिडकीचं एक दार अर्धं लोटून धरलं. काय सांगू, मांडणीवरची पितळी भांडी उजळली, कोपऱ्यातला पाट दिसायला लागला आणि बाहेरचा पिंपळही पानापानासकट आला. लग्न होऊन आल्यापासून त्याच खिडकीत बसून तांदूळ निवडले होते बाईनं. उजेड कुठून आत येतो आणि कुठे अडतो, तिला पाठ होतं. मी आपला नुसता बटण दाबणारा.

"तुझा हात येतोय फोटोत," मी म्हटलं.

"सोडला तर दार आपटेल. येऊ दे. मी पण राहिलेय की या खोलीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. सकाळी चाळ जमली. तिला खिडकीखाली निजवलं होतं आणि ऊन थेट तोंडावर येत होतं. मी उठलो, खिडकीचं दार अर्धं लोटलं आणि तिला नेईपर्यंत तसंच धरून उभा राहिलो.